मदत हवी आहे : जुनी टिपिंग ट्रॉली घेताना काय बघायचं?

राजापूरजवळ खडी, माती आणि शेणखत ओढायला ट्रॅक्टरची जुनी हायड्रॉलिक ट्रॉली (जॅकने हौदा उचलून माल मागे ओतणारी) बघतोय. एक पसंत पडली, पण रंग अगदी ताजा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ताजा रंग दिसला की मला आधी गंजाचाच संशय येतो. मागच्या बिजागरीच्या पिनपाशी वेल्डिंग सलग नाही, नुसते टाके मारलेत. तिथे पट्टी मारून भागेल का? शिवाय जॅक अर्ध्यावर थांबवला की हौदा हळूहळू खाली बसतो. मालक म्हणतो, सील बदला की झालं. खरंय का, की सिलेंडरच ओरखडलाय?

हौदा उचलताना ओली माती एका बाजूला चिकटली तर ट्रॉली कलंडते, म्हणून तो सपाटीवरच उचलायचा, हे ठाऊक आहे. पण घाटीच्या उताराला बिनब्रेकची ट्रॉली कितपत भरावी? वापरणाऱ्यांनी जरा सांगा.