अनुभव धागा: कठीण दिवसांत हाताशी आलेली माती आणि सुई

आई गेली त्याला दीड वर्ष झालं. तिच्या सुती साड्यांची थप्पी कपाटात तशीच होती. दार उघडलं की तिचा वास यायचा आणि मी दार लावून टाकायचे. दिवाळीनंतर एका दुपारी गोधडी शिवायला सहा साड्या काढल्या, सतरंजीवर एकावर एक अंथरल्या, कोपऱ्यांवर पाट ठेवले आणि कच्चे टाके घातले. मग कडेनं धावदोरा सुरू केला, चौकटीच्या आत चौकट. रोज एकच फेरी. आता मधे चार बोटं जागा उरली आहे आणि महिना झाला, सुई उचलवत नाही.

शिवणानं किंवा बागेनं तुम्हाला कधी सावरलं असेल तर सविस्तर लिहा. मला वाचायचं आहे.

चिपळूणहून

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं ते पहाटे, आम्ही माळ्यावर चढलो ते नेसत्या कपड्यांनिशी. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल. सासूबाई तेव्हा अठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांच्या लग्नातली लोखंडी ट्रंक उपडी झालेली, आतली लुगडी चिखलाच्या गोळ्यासारखी. आठ दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. दिलं तर जेवायच्या, नाहीतर नाही.

लुगडी टाकून द्यायची असंच आमचं ठरलं होतं. मदतीला आलेल्या मुलांनी ती बाहेर ढिगावरही नेली होती. सासूबाई काठी टेकत गेल्या आणि एकेक ओढून परत घेऊन आल्या. सोड्यात उकळली, चार पाण्यांतून काढली, तरी तांबूस डाग राहिलेच. वाळल्यावर म्हणाल्या, "सुई आहे का गो घरात?" घरात सुई कुठली! शेजारच्या वाडीतून मागून आणली.

दिसायचं कमी, म्हणून दोरा मी ओवून द्यायचे. एका वेळी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. टाका मात्र तांदळाएवढा, एकासारखा एक. शिवता शिवता बोलू लागल्या. हे लुगडं बारशाचं, हे मामंजींनी पहिल्या पगारात घेतलेलं. मला लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि यातलं काहीच माहीत नव्हतं. चार गोधड्या झाल्या. डाग आतल्या बाजूला घेऊ का विचारलं तर म्हणाल्या, नको, वरच राहू दे.

पुण्याहून

एप्रिल २०२१. बायको कोरोनानं रुग्णालयात, मी घरात एकटा आणि मीही पॉझिटिव्ह. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, कुंडीतली माती भरली, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे पेरले. तिसऱ्या दिवशी माती उचलून हिरवी टोकं वर आली. मी फोटो काढून तिला पाठवला. ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं, तिनं अंगठा पाठवला. मग रोज सकाळी एक फोटो. एकोणिसाव्या दिवशी ती घरी आली. मेथी खुडायला झाली होती, पण तिनं खुडू दिली नाही.

अकोल्याहून

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मुलीच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार सुरू झाले आणि गच्चीवरची बाग उन्हाळ्यात जळून गेली. सुकलेल्या कुंड्या पाहून अजूनच अपराधी वाटायचं. बागकाम मनाला बरं असतं असं कुणी म्हटलं की रडू यायचं. तेव्हा झेपत नसेल तर झेपत नाही, एवढंच.

एक सदाफुली तेवढी तगली, तीही भिंतीच्या भेगेत आपोआप उगवलेली. मुलीला सलाईनमधून जे व्हिन्क्रिस्टीन देत होते, ते याच झाडापासून मिळतं हे मला एका नर्सताईंनी सांगितलं. घरी आल्यावर भर दुपारी चटके बसत असताना गच्चीवर गेले आणि त्या झाडाला तांब्याभर पाणी घातलं. (कृपा करून याचा पाला किंवा काढा कुणी घेऊ नका, झाड विषारी आहे.) मुलगी आता सातवीत आहे. तिनं त्याच्या बिया गोळा करून वर्गात वाटल्या.

सॅन फ्रान्सिस्कोजवळून

भाऊ नागपुरात गेला तेव्हा विमानं बंद होती. इथे गोल्डन गेट पार्कमध्ये एड्सनं गेलेल्यांच्या आठवणीत जपलेली एक राई आहे. रान माजलेली ती दरी १९९१ पासून स्वयंसेवकांनी हातांनी साफ केली. त्यांच्याच स्मृतीसाठी शिवलेली मोठी रजईही आहे. १९८७ साली ती वॉशिंग्टनला पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे एका कबरीएवढा. कित्येकांच्या घरच्यांनी अंत्यसंस्कारही केले नव्हते, मग मित्रांनी शिवलं. हे कळलं आणि मी महिन्यातून एका शनिवारी तिथे तण उपटायला जाऊ लागले. कुणी काही विचारत नाही. आयव्हीची वेल मुळापासून ओढताना जोर लावावा लागतो, तो लावला की मला मोकळं रडता येतं.

वहिनीनं भावाचे दोन शर्ट पाठवलेत. अजून कात्री लावलेली नाही.

कोल्हापूरहून

धागाकर्त्या ताई, गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. आणि वाकळ एकट्या बाईनं शिवायची नसतेच हो. चार कोपऱ्यांना चौघी बसतात. उरलेली चार बोटं तुम्ही एकट्यानं का शिवताय?

धागाकर्ती

हे वाचून काल ताईला फोन केला. तिला म्हटलं, आईच्या साड्यांचं थोडं शिवायचं राहिलंय. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली रविवारी येते, चष्मा घेऊन येते. ताई डावरी आहे. आई तिला नेहमी म्हणायची, तुझा टाका उलट्या गावाला जातो.