खारींचा कमांडर डेक: विषय किती पाळावा आणि डाव किती चालावा?

रानवाटसरू

'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळाच्या कमांडर प्रकारासाठी मी खारींचा डेक, म्हणजे खेळायच्या कार्डांचा गठ्ठा, बांधायला घेतला आहे, आणि त्यामागे आपल्या राज्यप्राण्याबद्दलचे, म्हणजे शेकरूबद्दलचे प्रेम आहे. हा प्रकार न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. साधारणपणे चार जण खेळतात, प्रत्येकाचे लाइफ ४० पासून सुरू होते, डेक नेमका १०० कार्डांचा असतो आणि बेसिक लँड (बाकी कार्डे खेळायला लागणारी 'माना' ही ऊर्जा देणारी साधी जमिनीची कार्डे) सोडल्यास एकही कार्ड दोनदा घेता येत नाही. त्या १०० पैकी एक लेजंडरी प्राणी कमांडर म्हणून सुरुवातीपासून सर्वांसमोर उघडा ठेवलेला असतो, आणि त्याच्या कार्डावर ज्या रंगांची चिन्हे असतील त्यांपलीकडच्या रंगाचे कार्ड डेकमध्ये चालत नाही.

माझा कमांडर 'चॅटरफँग, स्क्विरल जनरल' आहे. 'मॉडर्न होरायझन्स २' या २०२१ च्या सेटमधले हे कार्ड असे आहे की आपल्या बाजूला कोणतेही टोकन (डेकमधल्या कार्डाऐवजी मैदानात ठेवलेली खूण) तयार झाले की तितकीच खारींची टोकने सोबत येतात. 'डिरेंज्ड हर्मिट' हे १९९९ चे कार्ड एरवी चार खारी आणते आणि सर्व खारींचे बळ +१/+१ ने (ताकद आणि टिकाव प्रत्येकी एकाने) वाढवते. चॅटरफँग समोर असेल तर त्या चारांच्या आठ होतात आणि पुढच्या फेरीत हर्मिटची किंमत पुन्हा मोजली की हर्मिट आणि त्याने वाढवलेले पलटणीचे बळ टिकते. या जोडीत विषय आणि कार्डांचे काम इतके एकजीव झाले आहे की मला पूर्ण डेक याच जातीचा हवा आहे.

म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. लँड वगळता प्रत्येक कार्डाचे खारीशी, झाडाशी, घरट्याशी किंवा खाण्याशी असलेले नाते मला समोरच्याला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. आपल्या सर्व प्राण्यांचे बळ एकदम वाढवणारे 'क्रेटरहूफ बेहेमथ' मी घेणार नाही, कारण ते उतरले की आधी मैदानात खारी होत्या की एल्फ होते याला काही अर्थ उरत नाही आणि शेवट प्रत्येक हिरव्या डेकसारखाच होतो. 'पिटिलेस प्लंडरर'ही बाहेर ठेवला आहे. तो आणि चॅटरफँग मिळून खार मारायची, ट्रेझर (खार मारायला लागणारा माना देणारे टोकन) मिळवायचे, त्यासोबत नवी खार मिळवायची आणि त्याच ट्रेझरने पुन्हा खार मारायची, असे न संपणारे चक्र सुरू होते व समोरच्या तिघांचे प्राणी एकेक करून संपवता येतात. हे पहिल्यांदा पाहताना मजा येते, नंतर मात्र डाव कुठे जाणार हे सर्वांना आधीच ठाऊक असते. हा नियम फार कडक आहे, असे कोणाला वाटत असल्यास कारणासहित सांगावे.

चौथा गडी

कारणासहित सांगतो, कारण मला हा नियम चुकीच्या जागी कडक वाटतो. १०० पैकी कमांडर वजा केला की ९९ उरतात. त्यातली ३६-३७ लँड, दहाएक माना वाढवणारी कार्डे, तितकीच नवी कार्डे हातात आणणारी आणि आठ-दहा समोरचा धोका दूर करणारी असा सर्वसाधारण हिशेब धरला, तर विषयासाठी तिसेक जागा राहतात आणि तेवढ्या पुरेशा आहेत. तुम्ही मात्र लँड सोडून सगळ्याच जागा विषयाला देऊ पाहत आहात. मग होते असे, की सहाव्या फेरीला कोणीतरी बोर्ड वाइप (मैदानातले सारे प्राणी नष्ट करणारे कार्ड) खेळतो, तुमच्या साऱ्या खारी एका फटक्यात जातात, हातात एखाददुसरे कार्ड असते आणि पुढचा तासभर तुम्ही लँड टाकून 'पास' म्हणत बसता. टेबलावर चार जण असतात आणि संध्याकाळ चौघांचीही असते. ज्याचा डेक बंद पडला आहे त्याच्यावर हल्ला करणे उरलेल्यांना नकोसे वाटते, डाव लांबतो आणि ज्या विषयासाठी एवढी मेहनत घेतली तो कोणाला दिसतही नाही. जो डेक चालत नाही, त्याचा विषय समोरच्यापर्यंत पोहोचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्लंडररबाबत मी तुमच्या बाजूने आहे. परंतु 'स्कलक्लॅम्प' हे कवटीच्या नावाचे अवजार का नको? एक माना देऊन ते १/१ खारीला चढवले की टिकाव एकाने घटून खार मरते आणि दोन कार्डे हातात येतात. खारींच्या डेकला याहून चपखल यंत्रणा मिळणे कठीण आहे. विषयाचेच म्हणाल, तर २०२४ च्या 'ब्लूमबरो' सेटमधल्या खारी काळ्या-हिरव्या रंगाच्या आहेत, हाडे आणि थडग्यांच्या नादी लागलेल्या आहेत आणि ग्रेव्हयार्डमधली, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातली, कार्डे उकरून 'फोरेज' (अन्नशोध) करतात. त्यांच्या हाती कवटी असण्यात वावगे काय आहे?

मोहर

दोघांच्याही आधीचा प्रश्न मला पडला आहे, तो म्हणजे हा डेक शेकरूचा आहे का. परसातल्या खारीचे आणि शेकरूचे वागणे सारखे नाही. शेकरू बहुधा एकटे किंवा जोडीने राहते, उंच झाडांच्या शेंड्यांतून वावरते, जमिनीवर क्वचितच उतरते आणि एकाच हद्दीत काटक्या-पानांची अनेक घरटी बांधते. भीमाशंकरला अभयारण्यात पाहिले, तर आधी घरटीच नजरेला पडतात आणि प्राणी दिसायला मान मोडेपर्यंत वर बघावे लागते. अशा प्राण्याच्या नावाने खारींची झुंड उभी करणे, त्यांचा बळी देणे आणि ग्रेव्हयार्ड उकरणे हे रानवाटसरू यांनी स्वतः घातलेल्या नियमात बसत नाही. चॅटरफँगच्या कार्डावर काळ्या मानाचे चिन्ह आहे म्हणून काळा रंग आला आणि काळ्या रंगामागून मरणाची सारी भाषा आली.

मला विचाराल तर कमांडर 'तोस्की, बेअरर ऑफ सीक्रेट्स' असावा. २०२१ च्या 'कॅल्डहाइम' सेटमधली ही खार नॉर्स पुराणातल्या विश्ववृक्षावर वर-खाली धावणाऱ्या रातातोस्क या खारीवरून घेतली आहे. ती निव्वळ हिरवी आहे, सहजी नष्ट होत नाही आणि आपला कोणताही प्राणी लढाईत खेळाडूला लागला की एक कार्ड मिळवून देते. त्यामुळे चौथा गडी यांना हवी असलेली कार्ड मिळवण्याची सोय कमांडरमध्येच होते आणि तिसेक जागांचे ते गणित बरेच सैल होते. घरट्यासाठी 'स्क्विरल नेस्ट' आहेच. ते लँडवर चढवायचे आणि प्रत्येक फेरीत एक खार काढायची. झुंडीपेक्षा ही संथ चाल मला शेकरूच्या अधिक जवळची वाटते.

रानवाटसरू

मोहर, घरट्यांचा मुद्दा मला फार आवडला आणि 'स्क्विरल नेस्ट' डेकमध्ये नक्की असेल. त्याच्या जोडीला 'अर्थक्राफ्ट' मात्र घेणार नाही, कारण ही दोन कार्डे एकत्र आली की बेसिक लँडवरच्या त्या घरट्यातून अगणित खारी निघतात आणि आपण पुन्हा प्लंडररपाशी येऊन थांबतो. तोस्की मात्र मला शेकरू वाटत नाही. त्या कार्डावर स्पष्ट लिहिले आहे की शक्य असेल तर त्याने प्रत्येक लढाईत हल्ला केलाच पाहिजे. शेकरू बुजरे असते. चाहूल लागली की फांदीला चिकटून निश्चल राहते किंवा लांब झेप घेऊन दुसऱ्या झाडावर जाते. त्याला दर फेरीला अंगावर धावून जायला लावणे हे झुंडीइतकेच चुकीचे आहे. तोस्कीला मी ९९ मध्ये जागा देईन, म्हणजे कार्डांची सोय विषयात राहूनच होईल.

चौथा गडी, धोका दूर करण्यासाठी मला वेगळी कार्डे कमीच लागतील, कारण एक काळा माना देऊन हव्या तितक्या खारींचा बळी दिला की चॅटरफँग समोरच्या प्राण्याची ताकद तितकी वाढवतो पण त्याचा टिकाव तितकाच घटवतो. कमांडर स्वतःच रिमूव्हल, म्हणजे धोका दूर करणारे कार्ड, आहे. स्कलक्लॅम्पला माझा विरोध कायम आहे, कारण माझा विषय ब्लूमबरोचे जग नाही, सह्याद्रीतले रान आहे, आणि त्या रानात कवटीला स्थान नाही.

चौथा गडी

बळी चालतो आणि कवटी चालत नाही, ही विषयावरची निष्ठा मला समजत नाही. तुमचे रिमूव्हलच खारी मारून होते, मग त्याच मरणातून दोन कार्डे घेण्याने विषय कसा मोडतो, हे तुम्ही सांगितले पाहिजे. हा आता चित्र आवडण्या-न आवडण्याचा प्रश्न झाला आहे. तसे असायला हरकत नाही, पण मग त्याला नियम म्हणू नये.

कोयनाकाठ

चर्चेत ब्रॅकेटचा, म्हणजे डेकच्या पायऱ्यांचा, उल्लेख यायला हवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा खेळ काढणाऱ्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने कमांडरसाठी पाच पायऱ्यांची पद्धत प्रायोगिक स्वरूपात आणली. त्यातली पहिली पायरी, 'एक्झिबिशन', जिंकण्यापेक्षा विषय किंवा कल्पना मांडणाऱ्या डेकसाठीच आहे, आणि दोन कार्डांचे अनंत कॉम्बो पहिल्या दोन पायऱ्यांवर अपेक्षितच नाहीत. रानवाटसरू यांनी डेक कितव्या पायरीचा आहे हे बसण्यापूर्वी सांगितले आणि बाकीच्यांनीही त्याच पायरीचे डेक काढले, तर चौथा गडी म्हणतात तो कंटाळा बराचसा टळतो. सगळे हळू खेळत असतील तर हळू डेक कोणाला जड होत नाही.

मोहर यांच्या तोस्कीत मला एक अडचण दिसते. विश्ववृक्षावरच्या खारीच्या डेकमध्ये 'द वर्ल्ड ट्री' हे लँड घेता येत नाही, कारण त्याच्या मजकुरात पाचही रंगांची चिन्हे आहेत आणि तोस्की केवळ हिरवा आहे. एक्झिबिशनच्या टेबलावर बाकी तिघांना विचारून एवढी सवलत घ्यावी, असे मला वाटते. त्या लँडने तोस्कीला फायदा जवळपास काहीच होत नाही आणि ज्या झाडामुळे ती खार आहे ते झाड मात्र मैदानात येते.

चौथा गडी

विचारले तर मी नाही म्हणेन. रंगांची मर्यादा ही कमांडर निवडताना स्वीकारलेली अट आहे आणि विषय बांधण्याची गंमत त्या अटीच्या आतच आहे. झाड हवे असेल तर पूर्ण हिरव्या कार्डांत झाडांची कमतरता नाही. लँडच खारीचे हवे असेल तर २००६ च्या 'टाइम स्पायरल'मधले 'स्वॉर्मयार्ड' घ्यावे, ज्यावर कोणत्याही रंगाचे चिन्ह नाही आणि जे किडा, उंदीर, कोळी किंवा खार यांपैकी एकाला मरणातून वाचवते. ते तोस्कीतही बसते आणि चॅटरफँगमध्येही, आणि रानवाटसरू यांना त्याचे खारीशी नाते सांगायला एक वाक्यही लागणार नाही, कारण ते कार्डावरच छापलेले आहे.