सलग टेकमध्ये सहायक दिग्दर्शक काय करतो?

‘अ‍ॅडोलेसन्स’ (2025) या मालिकेचं सगळं श्रेय कॅमेरामनला, असं एका भाऊंनी लिहिलंय. कॅमेऱ्याची कमाल आहेच, पण माझं थोडं वेगळं मत आहे.

त्या मालिकेचे चारही भाग एकेका सलग टेकमध्ये, म्हणजे मध्ये कुठेही कॅमेरा न थांबवता, चित्रित झालेत. दुसरा भाग शाळेतला, शेकडो मुलांचा. शेवटी कॅमेरा थेट ड्रोनला जोडला जातो नि उडतो. आता विचार करा, कोणत्या वर्गातली मुलं कोणत्या क्षणी व्हरांड्यात सोडायची, हे कोण ठरवतं? सहायक दिग्दर्शकांची फळी. एरवी चूक झाली तर ‘कट’ म्हणता येतं. इथे चाळिसाव्या मिनिटाला एक जण चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात अकरा मिनिटांचा सलग टेक घेतला होता. मी सहायक होतो. आधी रिकाम्या वाड्यात स्टॉपवॉच घेऊन नुसतं चालून पाहिलं, मग कलाकारांसह, मग कॅमेऱ्यासह. कॅमेरा चौफेर फिरत असल्यानं मला उभं राहायला जागाच नव्हती. कोठीच्या दाराआड बसून, संवाद ऐकत हातानं इशारे द्यायचे. सहाव्या टेकला आजीचं काम करणाऱ्या बाईंना इशारा दोन सेकंद उशिरा दिला. कॅमेरा रिकाम्या ओसरीवर पोचला आणि टेक गेला. ती चूक माझीच होती. ती दोन सेकंदं अजून आठवतात.

आणि टेकनंतरचं काम तर कुणी मोजतच नाही. सांडलेला चहा पुसायचा, दारं लावायची, पुढच्या टेकसाठी प्रत्येक वस्तू पुन्हा जागेवर. आम्हाला त्याला पाऊण तास लागायचा, आणि ऊन तेवढा वेळ थांबत नाही.