दाबोळीला मिग जवळून दिसतं का?

कुडाळचा बाबा:
मुलगा नऊ वर्षांचा, वह्यांच्या मागच्या पानांवर नुसती मिग-२९ लढाऊ विमानं. म्हणून गोव्याचा मोपा विमानतळ जवळ असूनही बंगळूरचं तिकीट मुद्दाम तिथल्याच दाबोळी विमानतळावरून काढलंय, मंगळवारी दुपारी अडीचचं. बायको दोघांनाही वेड्यात काढते. दिसेल ना? खिडकी कुठल्या बाजूची घेऊ?

जुना वास्कोकार:
अकरा वर्षं तिथे विमानात सामान चढवलंय, म्हणून सांगतो. धावपट्टी नौदलाची, आयएनएस हंसाची. आमच्या वेळी सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते एक त्यांचा सराव, प्रवासी विमानं बंद. आम्ही ट्रॉलीच्या सावलीत बसून फुकट बघायचो. सी हॅरियर लढाऊ विमानं होती तेव्हा (२०१६ ला गेली) खरी मजा. यायचं, हळू हळू होत चक्क हवेत उभं राहायचं. जोडीदार दर वेळी म्हणायचा, "आता पडतंय बघ." अकरा वर्षं हेच!

मिगचा भरवसा नाही. साडेबारापर्यंत पोचा, निदान आवाज मिळेल. तो कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतो. खिडकीचं सांगणं कठीण, कुठल्या टोकाने उडवतील ते वाऱ्यावर. आणि मोबाईल खिशात ठेवा. लष्करी तळ आहे, फोटो काढू नका.

समीर_मडगाव:
राखाडी 'इंडिगो' दिसलं तर फसू नका, ते पी-८आय. सांगाडा बोइंग ७३७ चाच, पण खिडक्यांची रांग नाही. पाणबुड्या शोधतं. आदल्या दिवशी बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय करा, पण सोमवारी बंद असतं असं आठवतंय.

कुडाळचा बाबा:
जाऊन आलो. संग्रहालयासाठी रविवारीच निघालो. मंगळवारी दोन मिग टॅक्सीतून उतरता उतरता डोक्यावरून गेली, मी डिकीतून बॅगा काढत होतो, मला फक्त आवाज. त्याने पाहिली. पी-८आय विमानातून दिसलं, "बाबा, याला खिडक्याच नाहीत" हे अख्ख्या विमानाला ऐकू गेलं.

पण साहेबांचा जीव जडला संग्रहालयाबाहेरच्या सुपर कॉन्स्टेलेशनवर. एकेकाळचं एअर इंडियाचं प्रवासी विमान, पुढे नौदलात आलेलं. त्याला शेपटाचे तीन पंख का, हे कुणी सांगेल का? रोज विचारतोय.

जुना वास्कोकार:
एकच उंच शेपूट केलं असतं तर त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेलं नसतं, असं आम्हाला सांगायचे. बॅगा नंतर काढायच्या हो!