वय ५१, नोकरीची सात वर्षं राहिली. सगळं रिटायरमेंटनंतरवरच ढकलायचं का?

पांझराकाठ (धुळे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे ते आज लिहितोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या. मी धुळ्याचा, राज्य सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो आणि आता प्रमोशन होत होत बऱ्या टेबलावर आहे. वय ५१. आमचं रिटायरमेंट ५८ ला, म्हणजे सात वर्षं हातात. नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलो म्हणून जुनी पेन्शन आहे, त्यामुळे पैशाची तशी धाकधूक नाही. मुलगी शिरपूरला नोकरीला, मुलगा पुण्यात शिकतोय, त्याचं शेवटचं वर्ष. घराचं कर्ज फिटत आलंय. आई गावी असते शिंदखेडा तालुक्यात, ७८ ची आहे पण अजून चुलीवर भाकरी थापते.

आता प्रश्न असा की ऑफिसात ज्याला विचाराल तो म्हणतो "रिटायर झालो की". एक जण नर्मदा परिक्रमा करणार रिटायर झाला की, एक जण गावी शेतात राहायला जाणार, एकाला पेटी शिकायचीय. माझी पण यादी आहे, तोरणमाळला आठ दिवस नुसतं राहायचं, खान्देशातले किल्ले बघायचे (लळिंग रोज हायवेवरून दिसतो पण वर चढून किती वर्षं झाली), आईला घेऊन तिच्या माहेरच्या सगळ्या गावांना जाऊन यायचं, थोडी शेती करायची. आणि हे सगळं मी ५८ नंतरच्या खात्यात टाकून ठेवलंय. २०२० च्या फेब्रुवारीपासून आम्हाला पाच दिवसांचा आठवडा झाला, शनिवार पण मोकळा असतो, पण तो शनिवार झोपण्यात, मोबाइलमध्ये आणि कोणाच्या तरी लग्नात जातो. मला खरंच ही वर्षं अशी घालवायची नाहीत. मुलं मार्गी लागली, आईवडलांपैकी कोणी आहे, अंगात ताकद आहे, पगार पण चांगला आहे, हे सगळं एकत्र पुन्हा येणार नाही असं वाटतं. तुम्ही लोकांनी पन्नाशीत काय केलं, काय करताय? नुसतं "छंद जोपासा" नको, नेमकं सांगा.

आसोदेकर ताई (जळगाव)

दादा प्रश्न फार मनापासून विचारलात म्हणून उत्तर देते. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, तुमच्यापेक्षा थोडी लहान. पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या यादीत वहिनी कुठं दिसल्या नाहीत. तोरणमाळ तुमचं, किल्ले तुमचे, शेती तुमची. त्यांची यादी विचारली का कधी? बाईमाणसाला रिटायरमेंट अशी नसतेच, तुम्ही ५८ ला घरी बसाल तेव्हा त्यांचं काम उलट वाढेल, दुपारचा पण चहा आणि दुपारचं पण गरम जेवण. त्यामुळे आधी त्यांच्याशी बोला आणि मग यादी करा.

दुसरं तब्येत. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४५ ते ५० च्या मध्ये जाते आणि त्यानंतर हाडं भराभर ठिसूळ व्हायला लागतात, झोप जाते, चिडचिड होते, आणि घरात कोणाला काही कळत नाही की हिला झालंय काय. हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह, थायरॉइड, साखरेची तीन महिन्यांची टेस्ट म्हणजे एचबीएवनसी, हे दोघांचंही करून घ्या. एचबीएवनसी ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा त्याच्या वर डायबिटीस, आणि मधलं असेल तर तेव्हाच खाण्यापिण्याकडं आणि चालण्याकडं लक्ष दिलं तर पुष्कळ फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हा दुसरा भाग आपल्याकडं सगळे सोडून देतात, पण वयानुसार स्नायू झिजत जातात आणि उतारवयात पायऱ्या चढवतात ते स्नायूच. आपल्याकडं एप्रिल मे मध्ये ४५ च्या वर जातं त्यामुळे पहाटेच निघायचं, सात वाजले की ऊन चटके देतं.

आणि तिसरं माझ्या आवडीचं. मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून एम.ए. केलं, नोकरी सांभाळून, चाळिशी उलटल्यावर. आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, त्या गावात राहून मी त्यांची चार गाणी सोडून काही वाचलेलं नव्हतं. आता सासूबाईंच्या कानबाईच्या (आपली खान्देशातली देवी) गाण्यांचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करते, श्रावणात घरी कानबाई बसते तेव्हा त्या रात्रभर म्हणतात, एक पण गाणं कुठं लिहिलेलं नाही. हे काम मी ५८ ला सुरू करते म्हटलं तर गाणं सांगणारं माणूस राहील का? तुमच्या आईंकडं पण असतील दादा, जात्यावरच्या ओव्या असतील, अखाजीची म्हणजे अक्षय तृतीयेची गाणी असतील. ह्या शनिवारी गावी जा आणि फोन समोर ठेवून त्यांना फक्त बोलू द्या.

रावेर केळी

राम राम भो. बाकीचं माहीत नाही पण शेतीचं सांगतो कारण तो विषय माझा आहे. रिटायर झालो की शेती करू म्हणणारे नोकरदार मी लय पाहिले. ५८ ला पहिल्यांदा शेतात उतरून शेती होत नाही. केळीचं घ्या, लावणीपासून घड कापेपर्यंत साधारण वर्ष जातं, त्यात मे जूनमध्ये एक वादळ आलं की उभी बाग आडवी. आठवड्यातून काही दिवस लाइट रात्रीची असते मग रात्री मोटार चालू करायला जावं लागतं, थंडीत, सापाकिरड्याचं. हे सगळं शरीराला आणि डोक्याला सवय लागावी लागते. म्हणून खरंच करायची असेल तर आताच अर्धा एकर हातात घ्या. केळी नका लावू, सुरुवात घरच्यापुरतं भाजीपाला, भरताची वांगी, बांधावर चार आंबे, दोन सीताफळं. आंबा आज लावला तर तुम्ही रिटायर व्हाल तेव्हा फळाला आलेला असेल, ५८ ला लावला तर तेवढीच वर्षं अजून वाट बघा. शनिवारी जायचं, वाटेकऱ्याबरोबर उभं राहायचं, मातीचं परीक्षण करून घ्यायचं, ठिबक कसं साफ करतात ते शिकायचं. सात वर्षांत तुम्हाला कळून जाईल की आपल्याला हे झेपतं की नुसतं आवडतं. दोन्ही उत्तरं चांगलीच आहेत.

आम्हाला तर रिटायरमेंट नाहीच, माझा बाप सत्तरीत पण बागेत चक्कर मारल्याशिवाय चहा घेत नाही. तरी मी पन्नाशीनंतर एक नेम केला, हिवाळ्यात वांगी आली की शेतात भरीत पार्टी करायची आणि शाळेचे जुने दोस्त बोलवायचे. कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात. कोणी गरीब राहिला, कोणी मोठा साहेब झाला, पण तिथं सगळे सारखे. हे पण पन्नाशीतलंच काम आहे, दोस्त जमवून ठेवणं.

चटईवाला (जळगाव एमआयडीसी)

सगळ्यांचं वाचलं, छान आहे, पण प्रायव्हेटवाल्यांचं पण कोणीतरी लिहायला पाहिजे. मी चटईच्या कारखान्यात मेंटेनन्सला, वय ४९. आमची पेन्शन म्हणजे ईपीएस, पीएफबरोबरची पेन्शन योजना, तिचा हिशोब असा की जास्तीत जास्त १५,००० पगार धरतात, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. ३० वर्षं धरली तरी सात हजाराच्या आत, आणि २०१४ च्या आधीच्या वर्षांना मर्यादा ६,५०० ची होती त्यामुळे हातात त्याच्याहून कमी. आणि ५८ पर्यंत कंपनी ठेवेलच ह्याची खात्री नाही. म्हणून माझ्यासाठी ही वर्षं म्हणजे पहिलं काम पैसा बाजूला टाकणं, पीएफ मोडायचा नाही कितीही मोठं लग्न असलं तरी, आणि दुसरं काम म्हणजे हातात अजून एक कला घेणं. मी घरावरच्या सोलरचं फिटिंग शिकलो, वायरिंग येतच होतं. २०२४ च्या सूर्यघर योजनेपासून घराघरावर सोलर बसतंय, सबसिडी ७८,००० पर्यंत आहे, त्यामुळे काम मिळतं. रविवारी दोन पोरं घेऊन जातो. पैसे मिळतात ते आहेच पण खरं सांगू का, नवीन काहीतरी शिकताना जी मजा आली ती आयटीआय नंतर पहिल्यांदाच आली. बाकी फिरणं वगैरे मी मनुदेवीपर्यंतच, पावसाळ्यात धबधबा सुरू झाला की घरच्यांना गाडीवर घेऊन, डबा बांधून. खर्च पेट्रोलचा. तेवढ्यात पण लेकरं खूश असतात.

नंदुरबारचे नाना

मी ट्रेझरीतून रिटायर झालोय, काही वर्षं झाली. दादा, तुमच्यासाठी एक काम सांगतो. तुमची यादी कागदावर लिहा आणि प्रत्येक गोष्टीपुढं लिहा की हिला नक्की काय लागतं. मोकळा वेळ लागतो, पैसा लागतो, गुडघे लागतात, का एखादं माणूस लागतं. ज्याच्यापुढं फक्त "वेळ" असं येईल ते खुशाल रिटायरमेंटनंतर ठेवा, पेटी शिकणं, वाचन, वंशावळ लिहिणं. ज्याच्यापुढं गुडघे किंवा आई असं येईल ते पुढच्या दोन वर्षांत करा. तोरणमाळला शहादा-म्हसावदकडून गाडी थेट वर जाते, यशवंत तलावापर्यंत म्हातारं माणूसही जाईल, तेव्हा आईंना घेऊन जा. लळिंगला मात्र आताच चढा.

आता ऑफिसचं. तुमच्या खात्यावर अर्जित रजा किती आहे ते बघा. वर्षाला ३० दिवस जमा होते आणि साठा ३०० दिवसांचाच, त्यापुढची जाते. रोखीकरण पण ३०० चंच. आपले लोक रजेचे पैसे मिळतील म्हणून रजा घेत नाहीत आणि ३०० भरल्यावर पण घेत नाहीत, म्हणजे दर वर्षाला महिनाभराची पगारी सुट्टी सरकारला परत देतात. मी टेबलावर बसून हे शेकडो सेवापुस्तकांत पाहिलंय आणि जीव तुटायचा. दुसरं, सेवापुस्तक आताच उघडून बघा, वेतननिश्चितीला वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे का, मिसेसचं नाव आधार आणि नॉमिनेशनमध्ये एकसारखं आहे का. शेवटच्या वर्षात त्रुटी निघाली की पेन्शन अडकते आणि मग फिरायचे दिवस हेलपाट्यात जातात. अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग कापून त्याचे एकरकमी पैसे घेणं, ४० टक्क्यांपर्यंत करता येतं आणि कापलेली पेन्शन १५ वर्षांनी पूर्ववत होते, त्याचा विचार मुलाच्या लग्नाच्या घाईत करू नका, आता शांतपणे दोघांनी बसून करा.

पांझराकाठ (धुळे)

सगळ्यांचे मनापासून आभार. नाना, रजा बघितली, ३०० कधीच भरलीय, म्हणजे त्यापुढची बरीच बुडालीसुद्धा. आणि ताई, तुम्ही म्हणालात म्हणून मिसेसला विचारलं. मला वाटलं काशी रामेश्वर म्हणेल. तिला मुक्ताईच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला जायचंय, मुक्ताईनगरपासून, पूर्ण. तिची आजी जायची म्हणे. लग्नाला २६ वर्षं झाली, मला हे माहीतच नव्हतं. बुलडाणा, जालना, बीड करत महिनाभर चालायचं, ते पण जेठातल्या उन्हातून सुरू. मी पण बरोबर जायचं म्हणतोय, साहेबांना आताच सांगून ठेवतो. जमेल का आम्हाला?

आसोदेकर ताई (जळगाव)

जमेल की दादा, अजून वेळ आहे. आमच्या गल्लीतल्या दोघी दर वर्षी जातात, त्यांना विचारून सांगते. पहिले दोन महिने रोज पाच किलोमीटर, मग शनिवार-रविवार दहा-बारा, आणि शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस चालून बघायचं, कारण खरा त्रास दुसऱ्या दिवशी कळतो. नवीन बूट वारीत घालू नका, आधी चालून मऊ करा. वहिनींची हिमोग्लोबिनची टेस्ट मात्र चालायला सुरुवात करायच्या आधी, आणि बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना वारीचं सांगूनच निघा. सामान ट्रकमध्ये जातं, पाठीवर फक्त पाणी आणि टॉवेल. दिंडीत नाव आधी नोंदवावं लागतं, त्या दोघींच्या दिंडीच्या महाराजांचा नंबर घेऊन तुम्हाला मेसेज करते.