मिथिकला 20 लागतात, आमच्याकडे 18 आहेत. गिल्ड मर्ज करावी का?

अर्धा_पॅलाडिन

प्रश्न वॉवमधला (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट) आहे पण बाकीचे गेम खेळणाऱ्यांनी पण सांगा, माणसं सगळीकडे सारखीच असतात.

आमची गिल्ड (एकत्र खेळणाऱ्यांचा गेममधला संघ) जुनी आहे. मूळ गिल्ड मास्टर हळूहळू यायचा बंद झाला आणि जाताना गिल्ड माझ्या गळ्यात मारून गेला. रोस्टर बघितला तर नावं भरपूर, त्यातले निम्मे कोणाचे ना कोणाचे ऑल्ट, म्हणजे त्याच माणसाची दुसरी कॅरेक्टर. रेडला (बरेच जण मिळून मोठे बॉस मारायला जातो ते) नेमाने येणारे 18. नॉर्मल, हिरोइक, मिथिक अशा रेडच्या चढत्या अवघड पातळ्या आहेत, त्यात हिरोइकपर्यंत काही अडत नाही कारण नॉर्मल आणि हिरोइक 10 ते 30 मध्ये कितीही जण असले तरी चालतं, दोघं कमी आले तर बॉस पण त्या हिशोबाने हलका होतो. मिथिक म्हणजे 20, विषय संपला. 18 नी आत जाता येतं पण बॉस 20 च्याच मापाचा राहतो. मग रेडच्या आधी दोन अनोळखी डोकी शोधत बसायचं, त्यातला एक तिसऱ्या वाइपला (सगळे मेले की वाइप) "जेवायला बोलावलंय" म्हणून गायब.

आता दुसऱ्या एका गिल्डने मर्जचा विषय काढलाय. त्यांचे 14 नियमित, त्यात दोन हीलर (बाकीच्यांना जिवंत ठेवणारे) खरंच भारी आहेत. त्यांच्या अटी अशा, की नाव आमचं राहील पण रेड लीडर त्यांचा, लूट काउन्सिलमध्ये (बॉसकडून मिळालेलं सामान कोणाला द्यायचं ते ठरवणारे) पाचातले तीन त्यांचे, आणि जे रेडला येत नाहीत त्यांना "रोस्टर साफ करताना" काढायचं.

ही शेवटची अट माझ्या घशात अडकलीये. आमच्याकडे दहाबारा लोक फक्त गप्पांसाठी लॉगइन करतात. त्यातली एक तर अशी आहे की तिने आजवर एकही रेड केली नाहीये, तिचा ड्रुइड (तिचं कॅरेक्टर) दिवसभर झाडपाला गोळा करत फिरत असतो, पण रेडच्या आदल्या रात्री गिल्ड बँकेचा तिसरा टॅब उघडला की फ्लास्क आणि पोशन रांगेत लावून ठेवलेले असतात, वर कोणासाठी काय ते पण टॅबच्या माहितीत लिहिलेलं. कोणी सांगितलेलं नाही तिला. हिला काढायचं?

माझ्या तीन ऑफिसरपैकी दोघं म्हणतायत मर्ज करून टाक, तिसरा म्हणतो मर्ज झालं तर मी चाललो. काय करू?

---

जुना_चाळीसवाला

आधी साधी बेरीज कर. 18 आणि 14 म्हणजे 32. आत जाणार 20. म्हणजे आज तुला दोन कमी पडतायत, उद्या तुझ्याकडे 12 जास्त होतील. त्या 12 जणांना दर आठवड्याला "आज तू बस" कोण सांगणार? त्यांचा रेड लीडर सांगणार, आणि तो कोणाला बसवेल ते सांगायला ज्योतिषी नको.

आकडा बदलला की गिल्ड फुटते हे या गेममध्ये फार जुनं आहे. 2004 ला गेम आला तेव्हा मोठ्या रेड 40 जणांच्या असायच्या, मोल्टन कोअर वगैरे. 40 माणसं गोळा करायची म्हणजे मारामार, म्हणून गिल्डी पण तशाच अवाढव्य, त्यात दहाएक जण नुसते ऑटो अटॅक लावून उभे असायचे आणि कोणाच्या लक्षात पण यायचं नाही. मग 2007 ला बर्निंग क्रुसेड आलं आणि रेड 25 ची झाली. 15 माणसं एका रात्रीत जास्तीची. त्याच्यावर कडी म्हणजे 25 वाल्या रेडच्या आधी काराझान, आणि ती 10 ची. 25 चे 10-10 चे दोन गट केले की पाच उरतात. त्या पाचांचं काय करायचं ते ठरवण्यात आणि पहिल्या गटात कोण दुसऱ्यात कोण यावरून जेवढी भांडणं मी बघितली तेवढी बॉसवरून कधीच नाही. पहिला गट आठवड्यात काराझान संपवून टाकायचा, दुसरा अडकलेला, आणि मग पहिल्या गटातल्यांना दुसऱ्या गटातल्या लोकांबरोबर 25 ला जायचा कंटाळा. बघता बघता पहिला गट बाहेर पडून नवीन गिल्ड.

तुझ्याकडे उलटं होणार आहे इतकंच, आकडा तोच आहे आणि माणसं वाढतायत. निकाल तोच.

---

डीपीएस_पण_माणूसच

वरच्या काकांशी मी असहमत आहे. (काका रागावू नका.)

18 वर अडकलेली गिल्ड 18 वर राहत नाही ना. दोन महिने मिथिकचा पहिला बॉस पडला नाही की तुमचा सगळ्यात चांगला खेळणारा आधी जातो, कारण त्याला बाहेर लगेच जागा मिळते. तो गेला की त्याचा दोस्त जातो. मग 15, मग "या आठवड्यात हिरोइकच करूया", मग सुट्टी, आणि ती सुट्टी संपतच नाही. मी असल्या तीन गिल्डींच्या तेराव्याला जेवून आलोय. त्यापेक्षा मर्ज बरं.

पण हे असलं मर्ज नाही. रेड लीडर त्यांचा आणि काउन्सिलमध्ये बहुमत पण त्यांचं, याला मर्ज म्हणत नाहीत, तुम्ही त्यांच्यात भरती झालात आणि पाटी तेवढी तुमची. दोन्हीपैकी एक गोष्ट तुमच्याकडे पाहिजे. लीडर त्यांचा तर काउन्सिलला तुमचे तीन, नाहीतर उलटं.

आणि सही करायच्या आधी हिरोइक एकत्र करा, गिल्ड न बदलता. हिरोइकला 30 पर्यंत नेता येतात तर जवळजवळ सगळेच बसतील. दोनतीन आठवडे. वाइप झाल्यावर त्यांचा लीडर काय बोलतो ते ऐका. बॉस पडल्यावर सगळेच गोड बोलतात.

---

हीलर_नाराज_आहे

वाइपनंतरचं ऐका हे शंभर टक्के. आमच्या आधीच्या गिल्डमध्ये असं व्हायचं, बॉस तीन टक्क्यांवर, बॅटल रेझ (मेलेल्याला लढाईतच परत उठवणं) संपलेले, एक टँक (बॉसचा मार अंगावर घेणारा) आडवा, दुसरा टँक पळतोय, डिस्कॉर्डवर सगळे एकदम ओरडतायत आणि मग सगळे मेले की एकदम शांतता. त्या शांततेत पहिलं वाक्य काय येतं त्याच्यावरून गिल्ड कळते. आमच्याकडे दर वेळी "हीलर काय करत होते?" हेच यायचं. लॉग उघडून बघायची तसदी नाही, आगीत कोण उभं होतं ते बघायचं नाही, हीलर काय करत होते. आगीत उभ्या असलेल्याला जिवंत ठेवत होतो बाबा.

पण मला लिहायचंय ते लुटीबद्दल. पॅलाडिन, तू काउन्सिलच्या पाच खुर्च्यांचा हिशोब करतोयस पण आता काउन्सिलच्या हातात गेमने काही ठेवलेलंच नाहीये हे लक्षात घे. मास्टर लूट (एकाच्याच हातात सगळं वाटप) 2018 ला गेलं, बॅटल फॉर ॲझेरॉथच्या वेळी. मग काही वर्षं पर्सनल लूट (ज्याचं त्याला गेमच द्यायचा) होतं, आणि 2022 ला ड्रॅगनफ्लाइटपासून रेडमध्ये परत नीड-ग्रीडवाला रोल (हवंय म्हणून बटण दाबायचं, मग गेम फासा टाकतो) आला. म्हणजे काउन्सिल चालतं ते कशावर, तर बाकी सगळ्यांनी पास दाबायचं, एकाने उचलायचं आणि मग दोन तासांच्या आत ज्याला ठरलं त्याला ट्रेड करायचं. ॲडऑन (गेमला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) सगळं सोपं करून देतं, पण एखाद्याने नीड दाबून ट्रिंकेट घेतलं आणि लॉगआउट केलं तर ॲडऑन त्याच्या घरी जात नाही. हे सगळं निव्वळ विश्वासावर चालतं. जे 14 लोक तुमच्याबरोबर कधी बसले नाहीत त्यांच्याबरोबर हा विश्वास पहिल्या दिवशी कुठून आणणार?

म्हणून सुरुवातीला काउन्सिल नकोच. साधा रोल ठेवा, नाहीतर पॉइंट ठेवा (रेडला आलं की जमतात, सामान घेताना खर्च होतात). पॉइंटची पद्धत तर वॉवच्याही आधीची आहे, एव्हरक्वेस्टमध्ये 1999 साली व्हॉक्स आणि नागाफेन हे दोन ड्रॅगन मारणाऱ्यांनी काढली, त्यावरूनच डीकेपी हे नाव पडलं, ड्रॅगन किल पॉइंट्स. पॉइंट कंटाळवाणे असतात आणि लोक साठवून ठेवतात हे मान्य, पण निदान तक्रार कागदाकडे करता येते, माणसाकडे नाही.

---

मूगल_आणि_मी

मी फायनल फँटसी 14 वाला आहे, तुमचं वाचून जरा नवल वाटतंय. आमच्याकडे रेड 8 जणांची, आणि त्या आठांच्या ग्रुपला स्टॅटिक म्हणतात. स्टॅटिकचा आणि फ्री कंपनीचा (आमच्याकडची गिल्ड) काही संबंध असलाच पाहिजे असं नाही. माझ्या स्टॅटिकमधले आठ जण पाच वेगवेगळ्या फ्री कंपन्यांमधले आहेत. रेडच्या दिवशी भेटतो, मारतो किंवा मार खातो, आणि मग आपापल्या घरी. फ्री कंपनीत घर सजवणारे, मासे पकडणारे, नुसते बसून बडबडणारे असे सगळे आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही की तुझा डॅमेज किती. गिल्ड वॉर्स 2 मध्ये तर एका वेळी पाच गिल्डींमध्ये राहता येतं म्हणे, माझी बहीण खेळते.

तुमच्याकडे एका कॅरेक्टरला एकच गिल्ड म्हणून हा सगळा गोंधळ. पण वॉवमध्ये 2018 पासून कम्युनिटी म्हणून एक प्रकार आहे ना? वेगळ्या गिल्डचे, वेगळ्या सर्व्हरचे लोक एका चॅटमध्ये, कॅलेंडर पण एकत्र. रेडची टीम तिथे करा. गिल्ड दोन्ही जशाच्या तशा राहू द्या. कोणाची हकालपट्टी नाही आणि ड्रुइडबाई पण जागच्या जागी.

---

डीपीएस_पण_माणूसच

@मूगल_आणि_मी कल्पना चांगली आहे पण तुमच्या आठ जणांना आणि आमच्या विसांना एकच माप लावू नका. आठ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप पण चालतो. वीस माणसांना आठवड्यातून दोन रात्री वेळेवर बसवायला कोणीतरी "आपली गिल्ड" म्हणून राबावं लागतं. नुसत्या कम्युनिटीसाठी कोण राबणार?

---

अर्धा_पॅलाडिन

सगळ्यांना धन्यवाद, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

चाळीसवाला, 32 ची बेरीज मी केली होती पण त्यांनी मला सांगितलं होतं की "चारपाच जण तसेही गळतील". तेव्हा ऐकून घेतलं, आता वाचताना कळतंय की गळणारे कोणाचे ते त्यांनी सांगितलंच नाही.

काल त्यांच्या गिल्ड मास्टरशी बोललो. मर्जचं आत्ता काही नाही, तीन आठवडे हिरोइक एकत्र, लूट साध्या रोलवर, असं मी सांगितलं. तो हिरोइकला लगेच तयार झाला, रोलला कुरकुर करत. मग मी ड्रुइडबाईंचं काढलं. तो म्हणाला एका माणसासाठी अपवाद करू. मी म्हटलं अपवाद नको, अटच काढा. त्यावर "बघू" म्हणाला.

जो ऑफिसर जातो म्हणत होता तो हिरोइकला यायला तयार आहे, फक्त त्याला त्यांच्या लीडरच्या हाताखाली टँक करायचं नाहीये. म्हणून पहिल्या आठवड्यात लीड आमच्याकडे, दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे.

---

हीलर_नाराज_आहे

"अपवाद करू" म्हणणारा माणूस उद्या बाकीच्या अकरा जणांसाठी अपवाद करणार नाहीये एवढं लिहून ठेव.

---

बेंचवरचा_बहाद्दर

मी वेगळ्या बाजूने लिहितो, कारण मी तोच जास्तीचा माणूस असतो. दोन्ही मुलं लहान आहेत, मला दर रेडला येता येत नाही आणि मला बेंचवर बसायला काही वाटत नाही. पण वाटत कधी नाही, तर आधी कळलं तर. दुपारी कळलं की आज तू नाहीस, तर मी मुलांना झोपवून निवांत दुसरं काहीतरी खेळतो. सगळं आवरून, हेडफोन लावून, बफ घेऊन उभा राहिलो आणि मग "सॉरी, तो रोग क्लासवाला आला, तू बाहेर" असं झालं की डोकं फिरतं. मर्ज करा नाहीतर करू नका, पण यादी आदल्या दिवशी लावा. आणि लीडरचे दोस्त एकदा तरी त्या यादीच्या खाली दिसू द्या.

बाकी मिथिकचा शेवटचा बॉस पडलाच पाहिजे असं कोणाकोणाला वाटतं ते तुमच्या 18 जणांना एकदा विचारलंय का? आमच्याकडे विचारलं तेव्हा निम्म्यांना हिरोइक पुरे होतं, ते आपले दुसऱ्यांना बरं वाटावं म्हणून येत होते.

---

अर्धा_पॅलाडिन

विचारलं नाहीये. आज पोल टाकतो.

---

जुना_चाळीसवाला

पोल नावं न दिसणारा टाक, नाहीतर सगळे "मिथिक" वर शिक्का मारतील आणि पुढच्या आठवड्यात आजारी पडतील.

आणि अजून एक, उद्याच त्यांच्या चार जणांना "सोयीसाठी" गिल्डमध्ये घेऊ नकोस. घ्यायचंच असेल तर सगळ्यात खालचा रँक द्यायचा, बँकेतून काढायची परवानगी शून्य, रिपेअरचे पैसे गिल्डच्या खात्यातून देऊ नकोस. बँकेच्या लॉगमध्ये शेवटच्या थोड्याच नोंदी दिसतात, कोणी एकेक करून सामान काढत बसलं तर आधीचं सगळं वर सरकून जातं आणि मग शोधत बसा. तिसरा टॅब तर बघायला पण बंद ठेव.