प्रतिसाद: पहिली सोनोग्राफी निर्दोष, मग पुन्हा कशासाठी?

अपुऱ्या दिवसांच्या (मुदतीपूर्वी जन्मलेल्या) बाळाची पहिल्या आठवड्यातील डोक्याची सोनोग्राफी निर्दोष आल्यावर तीच तपासणी पुन्हा का, असे एका पालकांनी विचारले आहे. अशा बाळाची डोक्यावरची टाळू भरलेली नसते, म्हणून तिच्यावर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब (हातात धरायचा भाग) टेकवला की मेंदूतील पोकळ्या काळ्या दिसतात आणि त्यांत रक्तस्राव झाला असल्यास तो पांढरट उठून दिसतो. असा रक्तस्राव बहुधा पहिल्या काही दिवसांतच होतो. परंतु पोकळ्यांलगतच्या पांढऱ्या द्रव्याला (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या भागाला) इजा झाली असेल, तर तेथील बारीक पुटकुळ्या (द्रवाने भरलेल्या पोकळ्या) दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे जातात. पसरट स्वरूपाची इजा आणि लहान मेंदूतील बारीक रक्तस्राव तर सोनोग्राफीतून सहज निसटतात. त्यासाठी प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेच्या सुमारास एमआरआय करतात. (बाळाला दूध पाजून, कान झाकून, घट्ट गुंडाळले की पुष्कळदा गुंगीचे औषध लागत नाही.)

2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील अपुऱ्या दिवसांच्या 167 बालकांच्या अभ्यासात या वेळच्या एमआरआयमधील पांढऱ्या द्रव्यातील मध्यम ते तीव्र दोषांचा दुसऱ्या वर्षीच्या विकासातील अडचणींशी स्पष्ट संबंध आढळला. तथापि, माझ्या मते एमआरआय सरसकट करू नये. सोनोग्राफी मात्र चौथ्या आठवड्यानंतर पुन्हा करून घ्यावीच.